अर्धवट काम सोबत न्या: क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात आरव्ही घेऊन जाताना

२०१९च्या जानेवारीत आम्ही पहिल्यांदा अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला गेलो ते आमची आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी घरासारखी गाडी, अगदी लख्ख करून. फीनिक्सजवळच्या चँडलरमधल्या घरापुढे दोन महिने खपून सगळी कामं उरकली होती. पडदे धुतलेले, कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल दिलेलं, छत पुसलेलं. पोचल्यावर तीन दिवस आम्ही नवराबायको दारात खुर्च्या टाकून बसलो. येणारा-जाणारा हात हलवायचा, 'मॉर्निंग' म्हणायचा आणि पुढे जायचा. चौथ्या दिवशी पाण्याचा पंप फार घरघर करायला लागला, म्हणून मी तो पलंगाखालून काढला आणि बाहेरच्या घडीच्या टेबलावर ठेवून उघडायला घेतला.

अर्ध्या तासात टेबलापाशी तीन माणसं उभी होती. मिनेसोटाचे एक आजोबा म्हणाले, पंपात काही बिघाड नाही, तो थेट प्लायवूडला घट्ट आवळलाय म्हणून सगळी गाडी ढोलासारखी वाजतेय. त्यांनी स्वतःच्या गाडीतून जिमच्या चटईचा रबरी तुकडा आणला. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, दोन्ही बाजूंना कडक नळीऐवजी दीड-दीड फूट लवचीक नळी घाल. तिसऱ्या बाईंनी काहीच सांगितलं नाही, त्या शेजारी बसल्या आणि त्यांनी मला स्क्रू हातात देत राहायचं काम केलं. संध्याकाळी त्यांच्याच शेकोटीपाशी आम्ही जेवलो. तेव्हापासून दर वर्षी एक काम मी मुद्दाम शिल्लक ठेवते. पुढे जे लिहिते आहे ते त्याच एका गोष्टीभोवती आहे: तिथे माणसं कशी जोडायची आणि गाडीची कामं कशी करायची, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं नाही. मिरजेला बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शाळेतून आलं की दप्तर टाकून मी त्यांच्यासाठी टॉर्च धरायची. टॉर्च कसा धरायचा हेही त्यांनी शिकवलं होतं: काम करणाऱ्याच्या डोळ्यात नाही आणि त्याच्या हाताची सावली कामावर पडेल असा तर मुळीच नाही. वाळवंटात त्याचा फार उपयोग झाला.

जागा आणि वेळ

क्वार्ट्झसाइट हे अ‍ॅरिझोनाच्या पश्चिम कडेचं छोटंसं गाव. फीनिक्सहून इंटरस्टेट १० धरली की सव्वाशे मैलांवर, आणि तिथून पुढे वीसेक मैलांवर कोलोराडो नदी ओलांडली की कॅलिफोर्नियातलं ब्लाइथ. उन्हाळ्यात तिथे थांबवत नाही. जानेवारीत मात्र दिवसा १८-२० अंश सेल्सिअस असतं आणि गावाबाहेरचं सगळं माळरान गाड्यांनी भरून जातं. महिन्याच्या उत्तरार्धात मोठ्या तंबूतलं आरव्ही प्रदर्शन नऊ दिवस चालतं. त्याच दिवसांत दगड-खनिजांचे बाजार भरतात, त्यातला सगळ्यात जुना १९६७ पासूनचा. गाडीत राहून स्वस्तात जगणाऱ्यांचा बॉब वेल्स यांनी सुरू केलेला मेळावाही याच भागात वाढला.

राहायची सोय दोन प्रकारची आहे. गावाच्या दक्षिणेला, यूएस ९५ रस्त्याच्या दोन्ही अंगांना ला पोसा नावाची दीर्घ मुक्कामाची जागा आहे. ती ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम हे सरकारी खातं चालवतं. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा तिचा हंगाम. २०२३ मध्ये आम्ही गेलो तेव्हा दोन आठवड्यांचा परवाना ४० डॉलरना आणि अख्ख्या हंगामाचा १८० डॉलरना होता. निघण्याआधी त्या वर्षीचा दर बघून घ्या. या पैशांत पिण्याचं पाणी, कचऱ्याची सोय आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायचं ठिकाण मिळतं. दुसरी जागा फुकटची: प्लोमोसा रोड, स्कॅडन वॉश, डोम रॉक, हाय जॉली वगैरे. तिथे २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं, पण पाणी नाही, कचरापेटी नाही, काही नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ला पोसाच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीत काम काढायचं असेल तर पाण्याची चिंता डोक्यावर नको.

गाडी लावताना तीन गोष्टी बघा. कोरड्या ओढ्यात लावू नका. इथे ओढ्याला 'वॉश' म्हणतात आणि डोंगरात पाऊस पडला की आपल्या माथ्यावर निरभ्र आकाश असतानाही तो वाहतो. गाडी समतल हवी, विशेषतः तुमचा फ्रिज गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा असेल तर, कारण गाडी फार कलली की त्यातला द्रव नीट फिरत नाही आणि फ्रिज कायमचा खराब होऊ शकतो. आणि शेजारच्या गाडीला इतकं खेटू नका की त्यांचं घोरणं ऐकू येईल, पण इतकं लांबही जाऊ नका की तुमचं टेबल कोणाला दिसणार नाही. पन्नास-साठ पावलं ठीक. दार रस्त्याच्या बाजूला ठेवलं तर धूळ येते, पण माणसंही येतात. मी धूळ पत्करते.

तिथली जमीन बघून पहिल्यांदा मी चकित झाले होते. काळपट बारीक दगड एकमेकांत असे बसलेले असतात की जणू कोणी फरशी केली आहे. तंबूच्या खुंट्या वाकतात, आत जात नाहीत. लोक त्याऐवजी जाड लांब लॅग स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने, म्हणजे धक्के देत स्क्रू फिरवणाऱ्या विजेच्या हत्याराने, जमिनीत पिळतात. चटई, छत्रीचे दोर, सगळं त्यावर. निघताना ड्रायव्हर उलटा फिरवला की स्क्रू बाहेर. गाडीच्या बाजूला उघडायचं कापडी छत मात्र रात्री गुंडाळूनच झोपा. वारा विचारून येत नाही.

कोणतं काम न्यायचं

काम असं निवडा की जे टेबलावर दिसेल, दोन-तीन तासांत एका टप्प्याला येईल आणि बिघडलं तरी रात्री झोपायला, खायला आणि टॉयलेटला अडचण होणार नाही.

गॅसच्या नळीला तिथे हात लावू नका. ते काम साधनं आणि अनुभव असलेल्याकडून घरी करून घ्या. गाडी जॅकवर उचलून खाली शिरायचं कामही नको, ती जमीन वरून टणक दिसली तरी जॅकखाली कधी खचेल सांगता येत नाही. आणि रंगकाम तर विसराच, धुळीचा थर बसतो. बाकी दिवे बदलणं, पंप, नळ, कुलपं, सोलर, बॅटरी, छताचा पंखा, कपाटांची दारं, शिवणकाम, सगळं चालतं. पडदे शिवायला बसलेल्या एका बाईंभोवती मी जितकी गर्दी बघितली तितकी जनरेटर उघडलेल्याभोवतीही नाही बघितली.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बॅटरी मॉनिटरने, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

आमची गाडी चोवीस फुटी, सी-क्लास (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम आकाराची), जुनी घेतलेली. सोलर एका वर्कशॉपकडून बसवून घेतलं होतं. बॅटरीत किती वीज उरली ते नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही, लिथियममध्ये तर अजिबातच नाही, कारण ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत व्होल्टेज सरळ रेषेत राहतं. म्हणून शंट बसवायचा. शंट म्हणजे ऋण बाजूच्या केबलमध्ये घातलेला एक अतिशय कमी रोधाचा धातूचा तुकडा. नेहमीच्या ५०० अँपिअरच्या शंटमधून पूर्ण प्रवाह गेला तर त्याच्या दोन टोकांत फक्त ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो फरक मोजून यंत्र सांगतं की किती वीज आली आणि किती गेली.

यात मेख एकच आहे. बॅटरीच्या ऋण टोकावर शंटशिवाय दुसरी एकही तार राहता कामा नये. माझ्याकडे मॉनिटर तीन दिवस फक्त खर्चच दाखवत होता. बॅटरी भरलेली आणि आकडा शून्याकडे चाललेला. कॅनडातल्या सस्कॅचवानहून आलेले शेजारी, निवृत्त वीजतंत्री, गुडघ्यावर बसले आणि एकेक ऋण तार बोटाने शोधत गेले. वर्कशॉपने सोलरची ऋण तार थेट बॅटरीवर आवळली होती. आलेली वीज शंटमधून जातच नव्हती, मग मोजली कशी जाणार? तार शंटच्या दुसऱ्या बाजूला नेली, पाच मिनिटांचं काम. पण त्याच शोधात त्यांना दिसलं की धन तारेवर बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. तो होता पार कंट्रोलरपाशी, म्हणजे पॅनेलची वीज बेताने बॅटरीला देणाऱ्या यंत्रापाशी, सहा फुटांवर. फ्यूज तारेचं रक्षण करतो आणि प्रचंड प्रवाह देऊ शकते ती बॅटरी, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. मधली सहा फूट तार कुठे घासली असती तर गाडीला आग लागली असती. मी त्या दिवशी खूप घाबरले आणि खूप कृतज्ञही झाले. एकटीने घरी केलं असतं तर आकडा का चुकतोय हे कदाचित कळलं असतं, पण फ्यूजकडे माझं लक्ष गेलं नसतं.

असं काम काढताना क्रम पाळा. आधी सोलरची तार सोडवा, मग बॅटरीची. जोडताना उलट: आधी बॅटरी, शेवटी सोलर. कंट्रोलरला बॅटरी नसताना पॅनेलची वीज द्यायची नाही. आणि बायकांनो, बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र, सगळं काढून डब्यात ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सोन्याची बांगडी आली तर ती क्षणात लाल होते, आणि ती मनगटात असते. बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला घड्याळ काढायला लावत. मीही टेबलाशी येणाऱ्यांना लावते आणि त्याचं कोणालाही वाईट वाटत नाही.

दुसरं काम, सोलर पॅनेल उभं करण्याचं. क्वार्ट्झसाइटला जानेवारीच्या मध्यात सूर्य सगळ्यात वर असतो तो दुपारी पाऊण वाजता, आणि तेव्हाही तो क्षितिजापासून जेमतेम ३५ अंशांवर असतो. छतावर आडव्या टाकलेल्या पॅनेलला त्यामुळे थेट उन्हाचा ५७ टक्क्यांच्या आसपासच भाग मिळतो. तेच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून जमिनीशी ५५ अंश उभं केलं तर दुपारचं ऊन त्यावर सरळ येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, चार बोल्ट आणि चार खटक्याच्या पिना, इतकंच सामान लागतं. संध्याकाळी मात्र शिडी लावून ते खाली पाडा. उभं पॅनेल वाऱ्यात शिडासारखं ताणलं जातं आणि स्क्रूसकट छताचा तुकडा घेऊन जातं.

पॅनेल जमिनीवर मांडून लांब तारेने आणणार असाल तर तार जाड घ्या. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. हिशेब सोपा आहे. गाडीपासून पॅनेल वीस फुटांवर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस फूट तार. १० अँपिअर प्रवाह असेल तर १४ गेजच्या तारेत एक पूर्ण व्होल्ट वाटेतच खर्च होतो, १० गेजच्या तारेत ०.४ व्होल्ट. बारा व्होल्टच्या कारभारात एक व्होल्ट म्हणजे फार मोठी गळती.

लिथियम बॅटरीबद्दल आणखी एक. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. क्वार्ट्झसाइटला रात्री बहुधा चार-पाच अंश असतात, पण एखादी रात्र गोठणबिंदूला जाते. बॅटरी गाडीच्या बाहेरच्या कप्प्यात असेल तर सकाळी तापमान बघितल्याशिवाय चार्जर लावू नका.

छताच्या कामाची वेळ सकाळी दहा ते बारा. दव सुकलेलं असतं आणि वारा अजून उठलेला नसतो. मी २०२२ मध्ये छतावरच्या हवाझरोक्याभोवती फटी बुजवायचं सीलंट दुपारी तीनला घातलं. पसरून सपाट होणारं पातळ सीलंट ते, तासभर चिकटच राहतं. वाऱ्याने आणलेली सगळी वाळू त्यात बसली. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, स्पिरिटने पुसून सगळं परत केलं. खरवडताना धातूची पट्टी वापरू नका, रबरी छत फाटतं.

मदत मागणं आणि घेणं

इथे आपली सवय आड येते, म्हणून नीट सांगते.

कोणी म्हणालं, 'मी बघू का?' तर आपल्या तोंडून आधी निघतं, 'नको नको, कशाला त्रास, राहू द्या.' आपल्याला अपेक्षा असते की समोरचा दोनदा आग्रह करील आणि मग आपण हो म्हणू. तिथे पहिला नकार हाच नकार. माणूस 'ओके' म्हणून निघून जातो आणि आपल्याला वाटतं, किती कोरडी माणसं! ती कोरडी नसतात, ती तुमच्या शब्दाचा मान राखतात. म्हणून हवी असेल तर पहिल्याच वेळी 'हो, या' म्हणा. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ते 'नो, थँक यू' म्हणाले की ताटात आणखी एक पोळी टाकू नका. मला हे अवघड गेलं. मिरजेच्या घरात आग्रहाशिवाय वाढणं म्हणजे अपमान.

मदतीला आलेल्या माणसाच्या हाती काम सोपवून चहा करायला आत जाऊ नका. शेजारी थांबा, टॉर्च धरा, विचारा. बऱ्याच जणांनी आयुष्यभर हेच काम केलेलं असतं, विमानतळावर, शेतावर, कारखान्यात. त्यांना फुकटचा मेकॅनिक व्हायचं नसतं, शिकवायला आवडतं. पैसे देऊ करू नका. एकदा मी दिले तर त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे काय चाललंय ते बघा. मला शिवता येतं. सस्कॅचवानच्या काकांच्या गाडीचे तीन पडदे मी उसवून परत शिवले आणि त्यांच्या बायकोला तुरपाई शिकवली.

सगळ्यांचाच सल्ला बरोबर नसतो, हेही खरं. तीन माणसं जमली की चार मतं येतात. वीज आणि गॅस यांबाबत कोणी 'असंच चालतं, मी वीस वर्षं करतोय' म्हणालं तर आभार माना आणि त्या यंत्राचं माहितीपुस्तक उघडा. मी शांतपणे सांगते, 'आज दमले, उद्या करीन.' तेवढ्यावर कोणी रागावत नाही.

दुसऱ्याच्या कामापाशी आपण गेलो तर? दहा पावलांवर उभं राहून हाक द्या. गाडीचे पडदे ओढलेले असतील तर दार वाजवू नका, दुपार असली तरी. आत डोकावण्याआधी विचारा, आत बोलावलं तर बूट काढू का विचारा. 'गाडी कोणती, कुठून आलात, काय करताय' हे प्रश्न चालतात. 'घर विकलं का? एकटे का राहता? मुलं येतात का भेटायला?' हे नाही. कित्येकांचं तेच एक घर असतं, आणि ते कसं झालं ते सांगायचं तेव्हा ते आपणहून सांगतात, बहुतेक वेळा शेकोटीपाशी, तुमच्याकडे न बघता. एकट्या बाईचा किंवा तिच्या गाडीचा फोटो न विचारता काढू नका.

चार वाजता, खुर्ची घेऊन

दुपारी चारच्या सुमारास कुठेतरी गोल जमतं. तुमची खुर्ची तुम्ही न्यायची, तुमचा पेलाही तुम्हीच. यजमान कोणी नसतो, म्हणून आमंत्रणाची वाट बघू नका. 'बसू का?' इतकं पुरे. दारू पित नसलात तर कोकम सरबत न्या, रंग बघून कोणीतरी विचारतंच. जेवणाचा बेत असेल तर ताट-चमचाही घरचा, कारण पाणी मोजकं असतं आणि दुसऱ्याची भांडी घासण्यात ते कोणी घालवत नाही.

आमची पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. दोघांना ती दहा-अकरा दिवस पुरते, पण त्यासाठी ताटं आधी कागदाने पुसायची आणि मग घासायची. सांडपाणी जमिनीवर सोडायचं नाही, अगदी डाळ धुतलेलं पाणीसुद्धा. जनरेटर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. हा नियम आहे, पण चांगले शेजारी जेवणाच्या वेळीही बंद ठेवतात. गाडीने कोणाच्या मुक्कामाजवळून जाताना चालण्याच्या वेगाने जा, नाहीतर तुमची धूळ त्यांच्या ताटात.

आता तिळगूळ. क्वार्ट्झसाइटचा हंगाम ऐन संक्रांतीत येतो, याहून चांगली गोष्ट नाही. मी चँडलरहून तीळ आणि चिक्कीचा गूळ घेऊन जाते आणि वड्या तिथेच थापते. हवा इतकी कोरडी असते की वडी आठवडाभर कुरकुरीत राहते, पुण्यामुंबईत असं होत नाही. १४ तारखेला डबा घेऊन गाडी-गाडीला जाते. पण देण्याआधी पहिलं वाक्य हे: 'यात तीळ आणि शेंगदाणे आहेत.' तिळाची अ‍ॅलर्जी असलेले लोक असतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ ठळक सांगणं बंधनकारकच केलं आहे. मग सांगते की आमच्याकडे हे देताना म्हणतात, गोड खा आणि गोड बोला. एकदा दोन शेजाऱ्यांचं जनरेटरवरून वाजलं होतं. दोघांनी माझ्याकडून एकेक वडी घेतली आणि एकाने दुसऱ्याला ते वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवलं. त्यांचं भांडण मिटलं की नाही ते मला माहीत नाही, पण त्या संध्याकाळी ते एकाच गोलात बसले होते.

जेवणात आमचा ठरलेला पदार्थ म्हणजे मसालेभात, जाड बिडाच्या झाकणाच्या भांड्यात, निखाऱ्यांवर. खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. गोडा मसाला तेलात पडला की आजूबाजूचे उठून येतात. तिखट बाजूला ठेवा, ज्याला हवं तो घेईल. लाकूड घरून नेऊ नका, गावात विकत मिळतं. आणि उभं किंवा वाळलेलं झाड तोडू नका. तिथलं आयर्नवूड फार सावकाश वाढतं, आणि सग्वारो हा उंच निवडुंग तर कायद्याने संरक्षित आहे.

एका दुपारी काम बाजूला ठेवून सगळ्यांसोबत गावातल्या स्मशानभूमीत जा. तिथे दगडी पिरॅमिड आहे, टोकावर तांब्याचा उंट. अमेरिकी लष्कराने १८५६ मध्ये वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्यासोबत आलेल्या एका उंटवाल्याची ती कबर. १९०२ मध्ये तो इथेच वारला, स्मारक १९३५ मध्ये बांधलं. गोऱ्या लोकांना नाव उच्चारता येईना म्हणून ते त्याला 'हाय जॉली' म्हणायचे. ते नाव होतं हाजी अली. मी ते वाचलं आणि मला मुंबईचा समुद्र आठवला. शेजाऱ्यांना मी मुंबईच्या हाजी अली दर्ग्याबद्दल सांगितलं, भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारी ती वाट कशी असते ते. त्यांना ते खूप आवडलं. चार वर्षं झाली, त्यातले एक जण अजूनही पत्रात त्या वाटेबद्दल विचारतात.

निघताना

निघायच्या आदल्या संध्याकाळी टेबलाखालची जमीन चुंबकाने झाडा. दांड्याला बांधलेलं साधं चुंबक चालतं. स्क्रू, वॉशर, तारेचे तुकडे सगळे उचलले जातात. तुमचा एक स्क्रू म्हणजे पुढच्या माणसाच्या टायरला भोक. सोललेल्या तारेचं प्लास्टिक मात्र हाताने वेचावं लागतं. राख पाण्याने पूर्ण विझवा, हात लावून गार असल्याची खात्री करा. लॅग स्क्रू मोजून काढा, मी कागदावर आकडा लिहून ठेवते.

आणि काम पुरं झालं नसेल तर तसंच राहू द्या, शेवटच्या रात्री घाईने काही जोडू नका. उघड्या तारांची टोकं टेपने गुंडाळा, कोणती कुठली ते कागदी चिकटपट्टीवर लिहा आणि घरी जा.

आमच्या गाडीत फ्यूजच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलं आहे, आणि प्रत्येकापुढे ते काम करताना टॉर्च कोणी धरला त्याचं नाव. पंपापुढे मिनेसोटाचे आजोबा आहेत. ते गेल्या वर्षी आले नाहीत, त्यांच्या मुलीने फोनवर कळवलं की आता ते गाडी चालवत नाहीत. पंप अजून आवाज न करता चालतो, हे मी तिला सांगितलं आणि तिने ते त्यांना सांगितलं.

यंदा छताचा पंखा बदलायचा ठेवला आहे. चौदा इंची चौकट, खाली ब्युटाइल टेप ही चिकट रबरी पट्टी, वरून सीलंट, सकाळी दहाच्या आत नाही. पेटीत सीलंटच्या दोन नळ्या, पाऊस आलाच तर झाकायला ताडपत्री आणि एक किलो तीळ भरून झाले आहेत.